आशियाई जेवण आणि आपली जीभ

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या मोठ्या रस्त्यांवर 'एशियन' अशी पाटी लावलेली हॉटेलं दिसू लागली आहेत. एशियन म्हणजे आशियाई. आता आपलं जामखेडही आशियातच आहे. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे मालदांडीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, ईदचा शीरखुर्मा आणि होळीची पुरणपोळी ही सगळी आशियाई जेवणंच झाली. पण त्या हॉटेलांच्या कार्डावर ती सापडायची नाहीत. तिथं आशिया म्हणजे चीन, जपान, थायलंड, कोरिया आणि व्हिएतनाम. बाकीचा खंड कुठं गेला, हे विचारायची सोय नाही. असो. पाटीचं भांडण आज बाजूला ठेवू. आजचा प्रश्न साधा आहे. अशा ठिकाणी भरपूर पैसे मोजून जेवलेली माणसं पुष्कळदा हिरमुसून का बाहेर येतात? आणि बाहेर आल्यावर ती दोष हॉटेलाला न देता स्वतःला का देतात?

प्रश्न सुचायला निमित्त घडलं ते घरातलंच. माझी भाची पुण्यात नोकरी करते. पगारवाढ झाली म्हणून तिनं आम्हा दोघांना आणि तिच्या धाकट्या भावाला अशाच एका हॉटेलात नेलं. नाव सांगत नाही, कारण तक्रार एका हॉटेलाची नाही. 'मामू, आज भाकरीचं नाव काढायचं नाही,' असा तिनं आधीच दम भरला होता. आत अंधूक उजेड, भिंतीवर बांबू, पाण्याचा बारीक आवाज, टेबलावर काळ्या दगडी बश्या. जागा देखणी होती, यात शंका नाही. सूप आलं ते कोमट. जपानी सुशी आली, तिचा भात गार आणि टणक. थाई करी आली, ती हिरवी होती पण गोड. नूडल्स एकमेकांना चिकटलेल्या. चिकनच्या तुकड्यांवरचा रस्सा बशीत थिजून खळीसारखा झालेला. पाच देशांचे पाच पदार्थ, आणि डोळे मिटून खाल्ले असते तर एकाच गोडसर चवीचे लागले असते. चौघांचं बिल सहा हजारांच्या पुढं गेलं.

बाहेर आल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'मामू, आपल्याला सवय नाही ना याची. म्हणून चव कळली नसेल.'

हे वाक्य मला बिलापेक्षा जास्त लागलं. कारण ते माझ्या ओळखीचं आहे. कविसंमेलनात एखादी अवघड, अवजड कविता वाचली जाते. टाळ्या पडतात. मग बाहेर चहा पिताना कुणीतरी म्हणतं, 'आपल्याला कळली नाही, म्हणजे चांगलीच असणार.' न कळणं हा ऐकणाऱ्याचा गुन्हा ठरतो. कविता वाईट असू शकते, हा विचारच कुणाच्या मनात येत नाही. जेवणाचंही तेच. परक्या नावाचा पदार्थ, मोठी किंमत आणि मंद उजेड, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस आपल्या जिभेवरचा विश्वास गमावतो. ज्या पोरीला आमटीत मीठ कमी आहे हे वासावरून कळतं, ती पोरगी म्हणते, मला चव कळली नसेल.

म्हणून मी या गोष्टीच्या मागं लागलो. पुस्तकं वाचली, आणि आमच्या बसस्थानकाजवळच्या चायनीजच्या गाडीवरच्या आचाऱ्याशी बोललो. लक्षात आलं ते असं की, त्या जेवणात काय बिघडलं होतं हे समजायला चीन-जपानला जाण्याची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात त्याची सगळी उत्तरं आहेत.

पहिली गोष्ट आगीची. चिनी परतलेल्या पदार्थांचा सगळा जीव खोलगट लोखंडी कढईत आणि तिच्याखालच्या जाळात असतो. जाळ इतका मोठा हवा की भाजीतलं पाणी सुटताक्षणी वाफ होऊन उडून जावं. पाणी उडालं की वरचा भाग भाजतो, किंचित करपल्यासारखा होतो आणि एक धुरकट खमंगपणा येतो. कँटन प्रांतातले लोक त्याला 'वॉक हेई' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. हा श्वास फार थोडा वेळ टिकतो. कढईतून ताटलीत आणि ताटलीतून तोंडात, मध्ये वेळ जाता कामा नये. जाळ कमी पडला किंवा कढईत एकदम जास्त माल टाकला तर भाजी परतली जात नाही, आपल्याच पाण्यात शिजते. वांग्याचं भरीत जाळावर भाजलेल्या वांग्याचं आणि कुकरमध्ये उकडलेल्या वांग्याचं, यात जो फरक, तोच हा फरक आहे.

आमच्या गाडीवरच्या आचाऱ्याचं मोठेपण इथंच आहे. त्याच्याकडं बांबूची भिंत नाही, पण भट्टी आहे आणि गिऱ्हाईक कढईपासून दोन हातांवर उभं आहे. पदार्थ तयार झाला की कागदी बशीतून सरळ हातात. देखण्या हॉटेलात स्वयंपाकघर लांब असतं, बशी सजवायला माणूस वेगळा असतो, वर कोथिंबिरीची काडी उभी करण्यात दोन मिनिटं जातात. तेवढ्यात कढईचा श्वास संपलेला असतो.

याला जोडूनच रस्सा थिजण्याची गोष्ट. या पदार्थांचा रस्सा दाट करायला मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, पाण्यात कालवून घालतात. पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि रस्सा चकचकीत, दाट होतो. गार व्हायला लागला की तोच स्टार्च घट्ट होत जातो. आपलं पिठलं आठवा. चुलीवरून उतरवलेलं पिठलं भाकरीवर पसरतं, आणि तासाभरानं त्याची वडी पाडता येते. तेव्हा बशीतला रस्सा खळीसारखा झाला असेल तर त्यात जपानी-चिनी गूढ काही नाही. एक तर तो बराच वेळ पडून होता, किंवा पीठ जास्त झालं होतं. घरची बाई हे एका नजरेत सांगेल.

दुसरी गोष्ट आंबवण्याची. पूर्वेकडच्या स्वयंपाकाचा पाया मसाल्यापेक्षा आंबवलेल्या वस्तूंवर जास्त आहे. सोया सॉस घ्या. खरा सोया सॉस करताना शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू यांच्यावर एक खास बुरशी चढवतात. जपानी लोक तिला कोजी म्हणतात. मग ते मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरत ठेवतात. त्या काळात दाण्यातली प्रथिनं तुटून रसाला खोल, भरीव चव येते. स्वस्त सॉस मात्र वेगळ्या वाटेनं येतो. सोयाबीनची पेंड आम्लात उकळली की हेच काम थोड्या दिवसांत उरकतं. मग रंगासाठी जळकी साखर आणि चवीसाठी मीठ-साखर घालायची. काळा रंग दोघांचा सारखाच. पण एकाला मुरलेल्या लोणच्याची चव असते आणि दुसऱ्याला नुसत्या खारट-गोड पाण्याची.

त्या भरीव चवीला जपानी भाषेत 'उमामी' हे नाव आहे. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रातल्या एका वनस्पतीच्या रश्श्यातून ही चव देणारा पदार्थ वेगळा काढला. तो म्हणजे ग्लुटामेट. पुढच्याच वर्षी तो पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात 'अजिनोमोटो' या नावानं बाजारात आला. आपल्याकडं या नावाचा मोठा धसका आहे. धसक्याचं मूळ १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रात आहे. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असं एका डॉक्टरनं लिहिलं आणि जी काही संभाव्य कारणं सांगितली त्यात हेही एक होतं. त्यानंतर पुष्कळ चाचण्या झाल्या. नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात असा त्रास सातत्यानं होतो, हे त्यांतून सिद्ध झालं नाही. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट असतं, आईच्या दुधातही असतं. तेव्हा भिण्याचं कारण नाही. पण महिनोन् महिने मुरवण्याचं काम टाळून चिमूटभर पांढऱ्या पुडीवर भागवायचं, आणि किंमत मुरवलेल्याची लावायची, हे मात्र तपासण्यासारखं आहे.

आपल्याला आंबवणं नवं आहे का? मुळीच नाही. ज्वारीच्या पिठाची आंबील घ्या. उन्हाळ्यातल्या कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यातून घालायचा. ज्या घरात कुरडयांना आलेला आंबूस वास बरा की वाईट हे आजी लांबून सांगते, त्या घरातल्या माणसाला मुरलेला सोया सॉस आणि रंगीत पाणी यांतला फरक दोन घासांत कळू शकतो. फक्त एकदा दोन्ही शेजारी ठेवून चाखायला हवेत.

तिसरी गोष्ट भाताची. सुशीचा तांदूळ आखूड आणि चिकट. शिजल्यावर त्यात सिरका, साखर आणि मीठ मिसळतात. तो अंगाच्या उबेइतका कोमट असतानाच खायचा असतो. फ्रीजमध्ये ठेवला की त्यातला स्टार्च पुन्हा कडक होतो. रात्रीचा भात सकाळी मोकळा आणि टणक होतो, म्हणून तर आपण त्याला फोडणी देतो. शिळ्या भाताला फोडणी देणं हा शहाणपणा. पण गार टणक भातावर माशाचा काप ठेवून तो दगडी बशीत मांडणं याला शहाणपणा म्हणता येणार नाही.

सुशीबरोबर एक हिरवी गोळी येते, वासाबी. नाकात झणका जातो तोच तो पदार्थ. खरा वासाबी म्हणजे डोंगरातल्या वाहत्या गार पाण्यात वाढणारं एक कंद. तो किसल्यावर पाव तासात त्याची चव उडू लागते, आणि तो फार महाग असतो. म्हणून जपानबाहेर जवळजवळ सगळीकडं जे मिळतं ते एका पांढऱ्या युरोपी मुळ्याच्या भुकटीत मोहरी आणि हिरवा रंग मिसळलेलं असतं. गंमत अशी की, वासाबीतला झणका आणि मोहरीतला झणका रसायनाच्या दृष्टीनं एकच. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना आपल्या डोळ्यांत जे पाणी येतं, तेच हे.

आणखी एक. ही सुशी आज एवढी उंची समजली जाते, पण तिचा जन्म गरजेतून झाला. पूर्वी मासे टिकवण्यासाठी ते आंबलेल्या भातात दाबून ठेवत. आज आपण पाहतो तशी हातानं वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या टोकियोत, म्हणजे एडो शहरात, रस्त्यावरच्या टपऱ्यांवर विकली जाई. कामावरचा माणूस उभ्याउभ्या दोन तुकडे खाऊन पुढं जाई. म्हणजे ती तिथली वडापावची गाडीच म्हणायची.

रामेनचंही तसंच. चिनी शेवयांचा हा रस्सा जपानमध्ये फोफावला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत, अमेरिकेतून आलेल्या गव्हावर. आमच्या भागातली जुनी माणसं १९७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलोची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची आठवण सांगतात. तीही अमेरिकेची ज्वारी होती. तिची भाकरी कुणाला आवडली नाही, पण तिनं माणसं जगवली. भुकेच्या दिवसांतल्या धान्यातून जपाननं एक चव उभी केली. आज त्या चवीचा वाडगा पुण्यात सातशे रुपयांना मिळतो. सातशे द्यायला हरकत नाही. पण रस्सा निदान गरम हवा. हुलग्याचे शेंगोळे म्हणजे आपलं रामेनच. हातानं वळलेल्या पिठाच्या कांड्या आणि लसणाचा झणझणीत रस्सा. आमच्याकडं कोमट शेंगोळे पाहुण्याला वाढण्याची कुणाची हिंमत होणार नाही.

चौथी गोष्ट कार्डाची. एका कार्डावर पाच देश आणि सव्वाशे पदार्थ. थाई करीला गवती चहा, आल्याच्या जातीचा एक कंद, एका लिंबाची पानं आणि ताजी हिरवी मिरची हे सगळं त्याच दिवशी कुटलेलं लागतं. तिच्यात आंबट, खारट, गोड, तिखट यांचा तोल सांभाळावा लागतो. जपानी रश्श्याचं तंत्र वेगळं, कोरियाच्या किमचीचं वेगळं. एका स्वयंपाकघरात हे सगळं रोज ताजं होणं शक्य नाही. मग काय होतं? दोन-तीन सॉस आधीच करून ठेवतात आणि तेच सगळीकडं फिरतात. सर्वांना चालावं म्हणून तिखट कमी करतात, वास कमी करतात आणि साखर वाढवतात. साखरेला कुणी नाही म्हणत नाही. पाच देशांची चव एक होण्याचं कारण हे आहे. यात खेद असा की, गवती चहा आपल्या परसात उगवतो आणि पावसाळ्यात त्याचा वास सगळ्या गल्लीत असतो. तो नाही, हे आपल्याला लगेच कळायला हवं.

आता तुम्ही विचाराल, मग अस्सल तेच चांगलं आणि भेसळ तेवढी वाईट, असं म्हणायचं आहे का? तसं मुळीच नाही. अस्सलपणाचं फार स्तोम माजवू नये. ज्या मिरचीवाचून आपलं पान हलत नाही ती आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातून आला. ज्वारी मूळची आफ्रिकेची. थायलंडचा पॅड थाई हा जणू राष्ट्रीय पदार्थ, पण तो तिथल्या सरकारनं १९४० च्या आसपासच्या काळात लोकांत रुजवला, आणि शेवया परतण्याची पद्धत चिन्यांची. सरमिसळ हा दोष नाही. सरमिसळ मनापासून आणि कष्टानं केली आहे की नाही, एवढंच पाहायचं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण मुंबईतलंच आहे. कोलकात्यात वाढलेले चिनी वंशाचे नेल्सन वाँग हे आचारी १९७० च्या दशकात मुंबईत आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना गिऱ्हाइकानं काहीतरी नवं मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची अशी आपल्या ओळखीची सुरुवात केली आणि पुढं गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. चिकन मंचुरियन असं जन्मलं, असं ते सांगत. चीनच्या मांचुरियाला या पदार्थाचा पत्ता नाही. पण आज महाराष्ट्रात असा तालुका नसेल जिथं मंचुरियन मिळत नाही. कोबीचं केलं, फ्लॉवरचं केलं, पनीरचं केलं. चायनीज भेळ ही तर आपलीच करणी. हे सगळं अस्सल चिनी नाही. पण लबाडीही नाही. वीस-तीस रुपयांच्या बशीत जे सांगितलं ते मिळतं, आणि गरम मिळतं.

'शेजवान' हा शब्दही ऐकण्यासारखा आहे. तो सिचुआन या चिनी प्रांताच्या नावावरून आला. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या 'गोल्डन ड्रॅगन'नं १९७० च्या दशकात सिचुआनचं तिखट जेवण आपल्याकडं आणलं. तिथल्या तिखटाची खूण म्हणजे एक सुकं फळ, जे खाल्ल्यावर जीभ किंचित बधिर होते. आपल्या शेजवान चटणीत ते नसतं, लाल मिरची आणि लसूण असतो. पण त्या फळाची सख्खी बहीण आपल्या कोकणात आहे, तिरफळ. बांगड्याच्या आमटीत घालतात तेच. एखाद्या मराठी आचाऱ्यानं तिरफळाचं शेजवान केलं तर ते दोन्ही घरांना शोभेल.

पदार्थाच्या मागं माणसंही असतात. अठराव्या शतकाच्या शेवटी कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढणाऱ्या एका चिनी माणसापासून आपल्याकडच्या चिनी वस्तीची सुरुवात मानतात. पुढं ही माणसं चामड्याच्या, सुतारकामाच्या आणि दातांच्या व्यवसायात गेली. मुंबईत माझगावला १९१९ मध्ये बांधलेलं त्यांचं देऊळ आजही आहे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत इथंच जन्मलेली माणसं होती, मुलं होती, काही जण तर काही वर्षं तिथंच राहिले. पुष्कळ कुटुंबं नंतर देश सोडून गेली. जी राहिली त्यांतल्या अनेकांनी हॉटेलं चालवली आणि आपल्याला नूडल्स खायला शिकवलं. ज्यांच्यावर आपण संशय घेतला त्यांच्याच हातचं जेवण आपण मिटक्या मारत खाल्लं, हे विसरू नये.

त्या रात्री आम्हाला वाढणारा मुलगा मणिपूरचा होता. त्याच्या अंगात जपानी पद्धतीचा झगा. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी त्याला विचारलं, 'तू चीनचा का?' त्यानं हसून मान हलवली आणि 'इंफाळ, सर' एवढंच म्हणाला. मी त्याला विचारलं, तुमच्या घरी काय जेवता? त्याचा चेहरा बदलला. आंबवलेला मासा उकडलेल्या भाज्यांत कुस्करून केलेली इरोम्बा, काळ्या तांदळाची खीर, तो सांगतच राहिला. खरोखरचं आशियाई जेवण ज्याच्या जिभेवर आहे तो मुलगा तिथंच उभा होता, पण कार्डावर त्याचं घर नव्हतं. त्याचा चेहरा हॉटेलाला सजावट म्हणून हवा होता.

आता विचारण्याबद्दल. मी मुसलमान आहे, त्यामुळे हॉटेलात दोन गोष्टी मला विचाराव्याच लागतात. मांस हलाल आहे का, आणि रश्श्यात डुकराचं मांस किंवा दारू आहे का. जपानी पदार्थांत मिरिन नावाची तांदळाची गोड दारू पडते, रामेनचा रस्सा पुष्कळदा डुकराच्या हाडांचा असतो. हे विचारताना कित्येक जण संकोचतात, आपण आडदांड ठरू असं वाटतं. तसं वाटण्याचं कारण नाही. चीनमध्येच हुई नावाचा मोठा मुसलमान समाज आहे. लानझोऊ शहरातल्या हातानं ओढलेल्या शेवयांचा रस्सा हा त्यांचाच, आणि तो सगळा चीन खातो. हलाल हॉटेलांसाठी चिनी भाषेत स्वतंत्र शब्द आहे, तो पाटीवर लिहितात. तेव्हा हा प्रश्न त्या स्वयंपाकाला परका नाही.

आणि प्रश्न एकट्या मुसलमानाचा कुठं आहे? माळकऱ्यानं, जैन माणसानं तर अधिक विचारलं पाहिजे. 'व्हेज' लिहिलेल्या थाई करीत माशाचा सॉस असू शकतो, परतलेल्या पालेभाजीत कालवांचा सॉस असू शकतो, आणि एकाच कढईत आधी काय परतलं हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्यावर जो आचारी नीट सांगतो त्याला आपल्या स्वयंपाकाची माहिती असते. 'चालतं हो, काही नसतं' असं उत्तर आलं तर सावध व्हावं.

शेवटी बिल. त्यात सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठानं ती कायम ठेवली. सरकारी कर, म्हणजे जीएसटी, द्यावाच लागतो. सेवा शुल्क म्हणजे मात्र एक प्रकारची बक्षिसी, आणि ती खुशीची असते. लावलेलं दिसलं तर काढायला सांगावं. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाढणाऱ्या मुलाला काही द्यायचं असेल तर ते त्याच्या हातात द्यावं.

मग जायचंच नाही का अशा ठिकाणी? जरूर जावं. नवी चव माणसाला मोठं करते. पण जाताना काही गोष्टी बरोबर न्याव्यात. ज्याचं कार्ड लहान ते हॉटेल निवडावं. एका वेळी एकाच देशाचं मागवावं. पाच पदार्थ एकदम न मागवता एकेक मागवावा आणि आल्याबरोबर खावा, फोटो नंतर. कोमट सूप, गार भात आणि थिजलेला रस्सा शांतपणे परत पाठवावा. यात भांडण नाही, घरी जावयाला गार आमटी वाढली तर सासूबाई ती स्वतःच परत नेतात. आणि पदार्थ आवडला तर आचाऱ्याला बोलावून तसं सांगावं, कारण तोही कुणाच्या तरी घरचा आहे.

मी भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे मामू, मला कळलं होतं.' हो, तिला कळलं होतं. नाव न कळलेल्या पदार्थाचीही चव कळू शकते. नावं आणि रीतीभाती वाचून, विचारून शिकता येतात. पण गरम काय, मुरलेलं काय आणि मन लावून केलेलं काय, हे आपल्या जिभेला लहानपणीच चुलीपाशी शिकवलेलं असतं.